चंद्र दिसल्याचा मिस कॉल

आमच्या घरातून चंद्र दोनच ठिकाणी दिसायचा. निघताना पुढच्या गॅलरीतून आणि मावळताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून. मधली सगळी रात्र तो बिल्डिंगच्या डोक्यावरून जायचा, ती मला दिसत नसे. आमच्या घरातल्या माणसाचंही तेव्हा तसंच होतं. हे संध्याकाळी जाताना दिसायचे आणि सकाळी येताना दिसायचे. मधली रात्र त्यांची पिंपळगावला जायची आणि माझी इथे, आडगावच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर.

हे पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनवर आहेत. सीझनमध्ये दिवसभर द्राक्षं पेट्यांत भरतात आणि रात्रभर ती थंड होत राहतात. सीझन नसला तरी आत बेदाणा असतो. मशीन बंद पडून चालत नाही, म्हणून एक माणूस रात्री जागा लागतो. तो माणूस म्हणजे हे. पुष्कळ वर्षं हेच. मुलगी घरात होती तोवर मला रात्रीचं काही वाटलं नाही. ती अभ्यास करायची, मी तिच्याजवळ भाजी निवडत बसायची, दिवा बंद केल्यावरही आमचं बोलणं चालायचं. मग तिचं लग्न झालं, ती नागपूरला गेली आणि रात्र एकदम मोठी झाली.

रात्री दार लावताना मी यांच्या जुन्या चपला बाहेर काढून ठेवायची. घरात पुरुषमाणूस आहे असं कोणालाही वाटावं म्हणून. कधी कचऱ्याची बादली ठेवायला पुन्हा दार उघडलं की त्या चपला दिसायच्या आणि क्षणभर मलाच वाटायचं, आले वाटतं. मग आत येऊन बसायची. फ्रिज मधूनच सुरू व्हायचा, मधूनच बंद व्हायचा. तो बंद झाला की घर जास्तच गप्प व्हायचं. टीव्ही मला लावावासा वाटत नसे. त्यातली माणसं इतकं बोलतात आणि आपण एक शब्द बोलत नाही, हे फार जाणवतं.

शेजारी जाऊन बसणं मला जमत नाही. लहानपणापासूनच मी चार माणसांत बोलायला बिचकते. माझं माहेर नामपूरकडचं. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची शाळा लांब होती, तिथे एकटीने जायला मी घाबरायची, म्हणून राहिलं ते राहिलंच. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. नाशिकला येऊन इतका काळ झाला तरी घाईत तोंडातून तिकडचंच निघतं. एकदा संकष्टीला बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका गच्चीवर चंद्राची वाट बघत उभ्या होत्या. मला तो आधी दिसला आणि मी ओरडले, "चांद निंघना!" सगळ्या हसल्या. वाईट मनाने हसल्या नाहीत. खालच्या मजल्यावरची, बँकेत जाते ती, म्हणाली, "किती गोड बोलता हो काकू! परत म्हणा ना." परत म्हणा म्हटल्यावर मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी ताट उचललं आणि खाली आले. त्यानंतर चंद्र गॅलरीतूनच बघायचा असं ठरवून टाकलं.

संकष्टी आम्ही दोघंही धरतो. माझ्या वडिलांचा नियम होता की कॅलेंडरात वेळ काहीही छापलेली असो, चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास घ्यायचा नाही. पावसाळ्यात ढग असले तरच कॅलेंडरचं ऐकायचं. तो नियम मी सासरी घेऊन आले आणि यांनी काही कुरकुर न करता तो पाळायला घेतला. पण हे रात्री मशीनजवळ. ती जागा मी कधी पाहिली नव्हती. मनात एक चित्र होतं. जाड भिंतींची खोली, एकही खिडकी नाही, बर्फासारखी थंडी आणि मधे स्टुलावर मफलर गुंडाळून बसलेले हे. त्यांना बिचाऱ्यांना चंद्र कुठून दिसणार? म्हणून मीच एक पद्धत पाडली. मला चंद्र दिसला की मी अर्घ्य द्यायची, आरती करायची, नैवेद्य दाखवायची आणि पानावर बसण्याआधी यांना मिस कॉल द्यायची. एकदा वाजला की कट. म्हणजे चंद्र निघाला, डबा उघडा. आता फोनला वेगळे पैसे पडत नाहीत, पण सवय जुनी. हे उचलत नसत आणि मीही उचलता येईल इतका वाजू देत नसे. आमचं रात्रीचं बोलणं म्हणजे महिन्यातून एकदा वाजलेली ती एक रिंग.

त्या वर्षी दिवाळीच्या पुढेमागे आमच्या समोर नवी बिल्डिंग वर यायला लागली. मी इकडे फराळाचं करत होते आणि तिकडे एकेक मजला चढत होता. मार्गशीर्षातल्या संकष्टीला मी ताट घेऊन गॅलरीत उभी राहिले तेव्हा समोर आभाळच नव्हतं. भिंती नसलेले मजले आणि वर सळ्या. एका मजल्यातून पिवळं काहीतरी दिसलं म्हणून मी हात जोडले, तर तो वॉचमनचा बल्ब होता. कॅलेंडरातली वेळ होऊन गेली. गच्चीवरून बायका खाली आल्या, त्यांच्या बांगड्या आणि हसणं जिन्यातून उतरत गेलं. मग घराघरांत भांडी वाजली, फोडणीचा वास आला. दोन जिने चढून गेले असते तर चंद्र समोर होता. पण मी गेले नाही. उशिरा कधीतरी तो त्या सळ्यांच्या वर आला, एका बाजूने झिजलेला. मी आरती केली, मिस कॉल दिला आणि जेवले. भूक मरून गेली होती.

सकाळी हे आले तेव्हा तोच चंद्र स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. उजेडात तो धुतलेल्या रुमालासारखा पांढरा दिसतो. मी चहा ठेवला. हे खाली बसले, पोळीचा तुकडा चहात बुडवला आणि म्हणाले, "मालक विचारत होता. दिवसपाळीला जागा होतेय. पाहिजे तर घे म्हणाला. नाहीतर तो तिथे दुसरा माणूस लावणार आणि मग माझी रात्रपाळीच पक्की. सीझन भरात यायच्या आत सांग म्हणाला."

मी चहा गाळत होते.

"काय करू?" यांनी विचारलं.

मला काय पाहिजे ते मला चांगलं ठाऊक होतं. दिवसपाळी घ्या, एवढं म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं, "तुम्ही म्हणाल तसं."

"तुझं काही नाही ना?"

"माझं काय."

यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग उठले, पडदा ओढून झोपले. मी भांडी आवाज न करता घासली. ती सवयच होती. दिवसभर घरात माणूस झोपलेला, म्हणून मी दिवसाही बोलत नसे.

का बोलले नाही ते मी पुष्कळदा मनात उलटून पाहिलं. पुरुषाच्या कामात बाईने बोलू नये असं आमच्याकडे म्हणतात, ते एक झालं. पण खरी भीती वेगळी होती. मला वाटायचं, यांना रात्रपाळीच बरी वाटत असेल तर? इतकी वर्षं रात्र बाहेर काढणाऱ्या माणसाला घरातल्या गप्प बाईजवळ बसायचा कंटाळा येत असेल तर? मी म्हणायचं घरी या, आणि यांनी नुसतं बघायचं. त्यापेक्षा न बोललेलं बरं.

मग कृष्णपक्षातल्या रात्री सुरू झाल्या. चंद्र रोज उशिरा निघायला लागला. मी जागी असेपर्यंत तो यायचाच नाही. भेटायचा तो सकाळी, पोळ्या लाटताना. रोज थोडा बारीक झालेला आणि खिडकीत थोडा वर सरकलेला. जिन्यात यांची पावलं वाजेपर्यंत मी त्याच्याकडे बघत लाटायची आणि मनात वाक्य म्हणून बघायची. अहो, मला रात्री करमत नाही. दाराची बेल वाजली की वाक्य विरघळायचं. पुढे पुढे चंद्र खिडकीच्या चौकटीच्याही वर गेला आणि सकाळचाही दिसेनासा झाला.

अमावास्येला यांना सुट्टी असते. आमच्या जिल्ह्यात कांद्याचे लिलाव अमावास्येला बंद ठेवायची जुनी रीत. यांचा मालक मूळचा कांद्याचा व्यापारी, म्हणून द्राक्षात आला तरी त्याने सुट्टी अमावास्येचीच ठेवली. मशीनवर त्या रात्री त्याचा भाचा बसतो. माझ्या लहानपणीही वडील अमावास्येलाच घरी असायचे. नामपूरच्या बाजारात ते कांद्याच्या गोण्या उचलायचे. इतर दिवशी ते आम्ही उठायच्या आत जात. अंधारी रात्र म्हटली की मुलं घाबरतात, आम्हाला मात्र ती आवडायची. बाहेर काळोख आणि घरात वडील. ते अंगणात खाटेवर पडायचे आणि आम्ही त्यांच्या हाताला धरून चांदण्या मोजायचो.

त्या अमावास्येला मी तेच मनाशी धरलं. आज हे घरी आहेत, आज बोलायचं. खिचडी केली, पापड भाजले. हे पापड खात टीव्हीवरच्या बातम्या बघत बसले. मी ताटं उचलली, ओटा पुसला, आधीच पुसलेला ओटा परत पुसला. शेवटी अंथरुणं घातली. आडवी झाले तर झोप येईना आणि बोलताही येईना. म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. यांनाही झोप नव्हती. रात्री जागणाऱ्या माणसाला रात्री झोप कुठून येणार? हे उठले, पाणी प्यायले, गॅलरीचं दार अलगद उघडून उभे राहिले. परत आत आले. एकदा माझ्याजवळ येऊन थांबले असं वाटलं. मी श्वाससुद्धा सारखा ठेवला. मग पांघरूण माझ्या पायांवर सरकवलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. एका खोलीत दोघं जागे आणि दोघंही गप्प. घरात कोणी नसताना जे वाटायचं त्याहून ते वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. तिला माझ्या आवाजावरून कळतं.

"काय झालं गं आई?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे पुष्कळ काही असतं. पप्पांचं दिवसपाळीचं ठरलं का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"पप्पांनीच. म्हणाले, आईला विचारलं, ती काही बोलली नाही."

"मी बोलले की. तुम्ही म्हणाल तसं म्हटलं."

"त्याला बोलणं म्हणतात?" ती हसायला लागली. "आई, अगं मी लहान असताना तू माझ्याशी रात्र रात्र बडबडायचीस. त्यांच्याशी बोलायला काय होतं?"

मी म्हटलं, "तू लहान होतीस." आणि मग ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण हे कुशीवर वळले होते आणि मी फोन पदराखाली घेऊन गॅलरीत गेले.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी बीज होती. बीजेची कोर लवकर मावळते, पण यांच्या निघायच्या वेळेला ती पश्चिमेला असते. महिनाभरात आम्ही दोघं उभं राहून चंद्र एकत्र बघतो तो तेवढाच. त्या दिवशी दळण आणायचं होतं म्हणून मी यांच्याबरोबर खाली उतरले. गेटपाशी हे थांबले. गिरणीच्या पत्र्यावर नखाएवढी कोर होती. आमच्याकडे बीजेच्या चंद्राला अंगावरच्या कपड्याचा धागा वाहतात आणि म्हणतात, जुनं घे, नवं दे. मी पदराची दशी काढली. यांनी स्वेटरच्या बाहीचा लोंबता धागा ओढला, तर तो येतच राहिला, येतच राहिला.

"अहो, पुरे! सगळं स्वेटर उसवेल."

"उसवू दे की. जुनं घे, नवं दे म्हटलंय. नवं स्वेटर देईल तो."

मी हसले. हेही हसले. किती दिवसांनी असं झालं होतं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण तेवढ्यात नाक्यावरून यांना कामावर नेणाऱ्या टेम्पोचा हॉर्न आला, हे झपझप निघाले, आणि मी हातात लोकरीचा लांबच लांब धागा घेऊन उभी राहिले. चंद्र गिरणीच्या मागे गेला तरी मी गेटपाशीच होते. गिरणीवाल्याने हाक मारली तेव्हा हलले.

शुक्लपक्षात मला सोबत बरी असते. चंद्र संध्याकाळीच आभाळात असतो आणि रोज जास्त वेळ थांबतो. तरी तो गॅलरीतून दिसत नाही, नुसता समोरच्या बिल्डिंगवर उजेड पडतो. अष्टमी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी हे गेले आणि पाठोपाठ बेल वाजली. दारात टेम्पोवाला. कोल्ड स्टोरेजची रात्रीची माणसं नाक्यावरून हाच नेतो. यांच्यापेक्षा लहान, निफाडकडचा, बोलका.

"वहिनी, दादांचा चष्मा राहिला. त्याच्याबिगर मशीनवरचे आकडे दिसत नाय त्यांला."

मी चष्मा आणून दिला. तो जिन्याकडे वळला आणि परत फिरला.

"एक विचारू का? मागच्या चतुर्थीला तुमचं भांडण झालं व्हतं का?"

"नाही. का हो?"

"मग माणसाला इतकं उपाशी मारता व्हय! त्या रातीला मी गाडी लावून तिथंच व्हतो. चांद पार वर आला तरी दादा डबा उघडंना. म्हटलं, दादा, चांद निघून म्हातारा झाला, खा की आता. तर म्हणे, घरचा फोन आला नाय अजून."

"पण त्यांना आत चंद्र कुठून दिसला?"

"आत? आत कोण बसतंय! गोठून मरंल माणूस. आकडे बघायचे आन् भाईर यायचं. भाईर पटांगणात खाट हाय, शेकोटी हाय, समदं आभाळ उघडं. तुमच्याकडं दिसायच्या आदी तिथं दिसतो." तो चष्मा खिशात घालून हसला. "आमाला पण सवय झाली. दर चतुर्थीला चांद निघतो, समदे खातात, आन् दादा फोनकडं बघत बसतात. आमची पोरं चिडवतात त्यांला. म्हणतात, दादांचा चांद आडगावला निघतो."

तो गेला. मी दार लावायचं विसरले. इतके दिवस मी समजत होते की मी यांना चंद्र कळवते. मी आरती सावकाश म्हणायची, समई पुसून ठेवायची, कधी मुलीचा फोन आला तर तो आधी घ्यायची, आणि मग आठवण झाली की मिस कॉल. आणि हे तिकडे उघड्यावर, समोर चंद्र, मांडीवर डबा. मला रडू आलं. आनंद म्हणावा तर तसंही नव्हतं. इतकं जवळ असलेलं माणूस इतक्या लांब बसून वाट बघत होतं आणि मी घरात बसून वाट बघत होते, याचं ते रडू होतं.

तरीसुद्धा सकाळी मी बोलले नाही. सवय अशी एका दिवसात सुटत नाही. फक्त चहात आलं जास्त घातलं.

पौर्णिमेला चंद्र आणि हे यांची पाळी एकच असते. हे गेले की तो येतो, हे आले की तो जातो. त्या संध्याकाळी घरात बसवेना म्हणून मी गच्चीवर गेले. कोणी विचारलं तर वाळलेले कपडे काढायला आले आहे असं सांगायचं म्हणून रिकामी बादली घेतली. वर कोणी नव्हतं. तिथून समोरची बिल्डिंग एका बाजूला राहत होती आणि तिच्या पलीकडे द्राक्षबागांवर चंद्र आलेला होता, मोठा, तांबूस. हायवेवरचे दिवे पिंपळगावच्या दिशेने लांबपर्यंत गेलेले दिसत होते. शेवटचा दिवा कुठे आहे ते बघत मी उभी होते.

"अय्या, काकू! तुम्ही वर?" बँकेत जाणारी शेजारीण पापड गोळा करायला आली होती.

"कपडे..." मी म्हटलं आणि रिकाम्या बादलीकडे बघितलं. तिनेही बघितलं आणि पापड उचलायला लागली.

"चतुर्थीला येत जा हो वर. तुमच्यासारखी नजर आमच्यात कोणाची नाही. आम्ही सगळ्या तोंड वर करून बावळटासारख्या उभ्या असतो."

मी "बघते" म्हटलं आणि खाली आले.

पौषातली संकष्टी आली. मी यांच्या डब्यात तळणीचे मोदक भरले. हे बूट घालता घालता म्हणाले, "मालकाला सकाळी सांगून मगच निघेन म्हणतो. किती दिवस लटकवायचं त्याला."

"काय सांगणार?"

"रात्रपाळीच ठेव म्हणतो. तुझी काही हरकत नाही ना." हे प्रश्नासारखं बोलले नाहीत. डबा घेतला आणि गेले.

आता सकाळ माझ्या हातात राहिली नव्हती. बोलायचं तर त्याच रात्री. मी दिवसभराच्या उपासाने आणि या विचाराने हलकी होऊन गेले होते. ताट केलं, फोन पदरात खोचला आणि दोन जिने चढून गेले.

वर थंडी होती. बायका शाली पांघरून उभ्या, मुलं टाकीभोवती पळत होती. कोणी माझ्याकडे बघून काही बोललं नाही, सरकून जागा दिली. मी पूर्वेकडे बघत राहिले. बागांच्या वर आभाळ थोडं उजळ झालं, मग एक कड दिसली. मला दिसली, पण मी ओठ मिटून घेतले. तेवढ्यात शेजारणीची मुलगी कठड्यावर चढून ओरडली, "चांद निंघना!" आणि सगळी मुलं ओरडायला लागली, "चांद निंघना! चांद निंघना!"

मी चमकून बघितलं. शेजारीण म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना एकदा. तेव्हापासून आमच्याकडे असंच ओरडतात. मुलांना वाटतं हा मंत्रच आहे."

मी अर्घ्य दिलं. आरती घरी जाऊन म्हणेन असं देवाला सांगितलं आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन फोन लावला. एकदा वाजला. बोट कट करायला गेलंच होतं, ते मी आवरलं. वाजत राहिला. हे उचलेनात. यांना वाटलं असेल, आपोआप कट होईल. पूर्ण वाजून बंद पडला. मी परत लावला.

"काय गं? काय झालं?" यांचा आवाज घाबरलेला.

"काही नाही. चंद्र निघाला."

"हो. दिसतोय."

"तुम्हाला दिसतो ना? मग जेवत का नाही?"

 मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. हे म्हणाले, "तुझा फोन यायचा होता."

"अहो," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं एकदम बाहेर पडलं, त्यात थोडं अहिराणीही होतं. "मालकाला दिवसपाळी सांगा. मला रात्री घर खातं. तुमच्या चपला बाहेर ठेवते आणि मग त्याच बघत बसते. मला नाही करमत."

तिकडे खाट करकरली.

"मग त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही झोपायला आला होता."

"चहा पीत होतो मी." मग म्हणाले, "मला वाटलं, मी घरी असलो की तुला अडचण होते. अमावास्येला मी असतो तर तू दिवा मालवायच्या आधी भिंतीकडे तोंड करून झोपतेस."

"मी झोपले नव्हते."

"असं होय."

टाकीतून पाणी गळत होतं. मुलांचा मंत्र अजून चाललेला होता. यांनी विचारलं, "हा गलका कसला?"

"मी गच्चीवर आहे."

"तू? गच्चीवर?" हे हसले. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "बरं. जा, जेव आता. आणि ऐक, मोदकाबरोबर चटणी द्यायची विसरलीस."

दिवसपाळी लगेच नाही मिळाली. नव्या माणसाला मशीन शिकवायचं होतं, म्हणून द्राक्षं संपेपर्यंत हे रात्रीच जात राहिले. पण रात्री एकदा फोन करायला लागले. बोलणं फार नसायचं. जेवलीस का, दार लावलंस का. चपला मी आत ठेवायला लागले.

आता हे रात्री घरी असतात. बातम्या लावतात आणि त्या संपायच्या आत घोरायला लागतात. माणूस घरात आलं म्हणून सगळंच एकटेपण जातं असं नाही. काही आपल्याच अंगात मुरलेलं असतं. मधेच जाग आली तर मी अजून गॅलरीत जाते. समोरच्या बिल्डिंगमध्ये लोक राहायला आले, तिथे आता कोणाकोणाच्या खिडक्यांत उजेड असतो, चंद्र काही दिसत नाही. पण आत यांचं घोरणं चालू असतं, ते ऐकत थोडा वेळ उभी राहते.

संकष्टीला आम्ही दोघं वर जातो. हे माझ्या मागे ताट धरून उभे राहतात. यांची नजर अजून चांगली आहे, लांबचं मला दिसायच्या आधी यांना दिसतं. कड वर आली की ताट जरासं हलतं, त्यावरून मला कळतं. तरी हे बोलत नाहीत. मी म्हणेपर्यंत थांबतात.